पाम्प्लेटातलं ‘१५ दिवसांत मुळापासून’ आणि आमची आतडी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी अमळनेर तालुक्यातला तुमचा जुना वाचक, कृषी सेवा केंद्र चालवतो. सकाळी शटर वर करायच्या आधी पायरीवरचा पेपर उचलतो, झटकतो, की आतून दोन-तीन पाम्प्लेटं खाली पडतात, साड्यांचा सेल, क्लासेस, बोअरवेलवाला. मागच्या महिन्यात एक गुलाबी कागद पडला. त्यावर लिहिलेलं, संग्रहणी, कोलायटिस, आतड्याची सूज, जुनाट आव १५ दिवसांत मुळापासून गायब, अॅलोपॅथीच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून बंद, बसस्टँडजवळच्या लॉजवर फक्त रविवारी. पाम्प्लेट तुम्ही छापत नाही, एजंट आणि पोरं पेपरात सरकवतात हे मला माहीत आहे, पण ते निघतं तुमच्याच पेपरच्या पोटातून म्हणून तुम्हालाच लिहितोय.

ते पाम्प्लेट वाचून आमच्या शेजारच्या गावचे एक आबा, माझं जुनं गिऱ्हाईक, पोराला घेऊन त्या लॉजवर गेले. पोरगा बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला, त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. तीन महिन्यांपासून स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, डॉक्टर डोस हळूहळू उतरवत आणत होते. लॉजवरच्याने सांगितलं की ह्या गोळ्याच तुझं आतडं जाळताहेत, आजपासून बंद, आणि चार हजारांच्या पुड्या दिल्या. पाचव्या दिवशी सकाळी आबांचा मला फोन, “भाऊ, पोऱ्या उठस नई.” उलट्या, घाम, बीपी एकदम खाली. माझ्याकडे गाडी होती, धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरने कोणत्या गोळ्या चालू होत्या विचारलं, पोराच्या आईने पिशवीतून जुनी चिठ्ठी काढून दिली, ती बघून त्यांनी लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत पोरगं चहा मागायला लागलं.

हे असं का झालं ते मला तेव्हा माहीत होतं म्हणून आमची धावपळ तरी नीट झाली. आपल्या शरीरात किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसोल तयार करतात, ते म्हणजे शरीराचं घरचं स्टिरॉइडच. बाहेरून काही आठवडे, महिने गोळ्या मिळत राहिल्या की त्या ग्रंथी म्हणतात आपलं काम कोणीतरी करतंय, आणि झोपी जातात. गोळी एकदम बंद केली तर बाहेरचं गेलं आणि घरचं अजून उठलेलं नाही, माणूस कोसळतो. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा असतो. पुडीवाल्याला हे माहीत नसेल तर त्याने दुकान लावू नये, आणि माहीत असून सांगत असेल तर मग काय बोलायचं. दुसरा प्रकारही होतो, पुडीतच गुपचूप स्टिरॉइड कुटलेलं असतं, मग चार दिवसांत पेशंटला भूक लागते, रक्त थांबतं, तोंड गोल व्हायला लागतं आणि घरचे म्हणतात बाबाचा गुण आला.

मी कोण लागून गेलो हे सांगणारा, तर माझा स्वतःचा दाखला आहे. २०१४ च्या दिवाळीनंतर मला संडासात रक्त दिसायला लागलं. आपल्याकडे रक्त म्हणजे मूळव्याध, दुसरा विचारच नाही. तिखट बंद कर, शेवभाजी बंद कर, ठेचा बंद कर, ताक पी. एकाने मला वर्षभर मूळव्याधीच म्हणून चूर्ण आणि मलम दिलं, नाव घेत नाही, त्याचाही दोष किती म्हणायचा, त्याने कधी आत बघितलंच नाही. दिवसाला दहा-बारा वेळा जायचो, रात्री दोनदा-तीनदा उठायचो, रक्तासोबत शेम पडायची, आणि जाऊन आलो तरी असं वाटायचं की अजून आहे, बसून राहावं. वजन बासष्टवरून एकोणपन्नासवर. सासुरवाडीला गेलो तर सासूबाई दारातच म्हणाल्या, “कितला वाळी गया हो तुम्ही.” एसटीत बसायची भीती वाटायची, अमळनेर ते चोपडा एवढंसं अंतर पण मी पोटाला काही न खाता जायचो. रेल्वे परवडायची, डब्यात संडास तरी असतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो कारण दुकानात बसून मला कितीतरी लोकं विचारतात. पोट बिघडणं आणि हा आजार ह्यात फरक आहे. एक असतं आयबीएस, त्यात पोट दुखतं, गॅस, कधी कब्ज कधी पातळ, टेन्शन आलं की वाढतं, पण आतड्याला जखम नसते. आणि एक असतं आयबीडी, त्यात खरोखर सूज आणि जखमा असतात. ओळखायची खूण म्हणजे रक्त, ताप, वजन उतरणं, रक्त कमी होणं, आणि झोपेतून उठून जावं लागणं. आयबीएसवाला सहसा रात्री झोपतो. ह्यातलं काही असेल तर चूर्ण खात बसू नका, पोटाच्या डॉक्टरकडे जा, गॅस्ट्रोवाल्याकडे.

आयबीडीत पण दोन भाऊ. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात, सुरुवात गुदद्वारापासून होते आणि तिथून वर सलग चढत जातं, सूज आतल्या अस्तराला. दुसरा क्रॉन्स, न्यूयॉर्कच्या डॉ. क्रॉन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्यावर पेपर लिहिला म्हणून त्यांचं नाव, हा तोंडापासून खालपर्यंत कुठेही होतो, मधेमधे चांगलं मधेमधे खराब, आणि आतड्याच्या भिंतीत आरपार जातो, म्हणून त्यात आतडं आवळतं, भगंदर होतो. दोघांतही आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर धावून जाते. का जाते ते अजून कोणाला पक्कं सापडलेलं नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मिरचीने होत नाही. कोणी करणी केल्याने होत नाही, हे पण लिहावं लागतं.

क्रॉन्समध्ये आपल्याकडे आणखी एक लफडं आहे ते म्हणजे टीबी. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं त्या कोपऱ्यात आतड्याचा टीबी पण बसतो आणि क्रॉन्स पण, दुर्बिणीतून बघितलं तरी चांगले चांगले डॉक्टर घोटाळ्यात पडतात. माझ्या मावसभावाचा पोरगा नंदुरबारला असतो, त्याला आधी टीबीची औषधं दिली. घरचे चिडले होते की चुकीचं दिलं, पण मला नंतर समजलं की ह्यात चूक म्हणता येत नाही, कारण टीबी असताना क्रॉन्सचं स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो, उलटं झालं तर वेळ जातो पण जीव वाचतो. दोन महिन्यांनी परत दुर्बीण टाकून बघितलं, टीबी असता तर तोवर जखमा भरत आल्या असत्या, त्या तशाच होत्या, तेव्हा क्रॉन्स ठरलं. हे त्या डॉक्टरने पहिल्याच दिवशी पाच मिनिटं बसवून सांगितलं असतं तर भाऊ एवढा भडकला नसता.

माझं निदान २०१५ च्या शेवटी झालं, सुरतला. आमच्याकडून भुसावळ-सुरत लाइनीवर सुरत सोपं पडतं. कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघतात. नाव ऐकून लोकं घाबरतात, पण तपासणीपेक्षा आदल्या रात्रीची पावडर वाईट, दोन लिटर खारट पाणी घोट घोट प्यायचं आणि संडासाच्या दारात खुर्ची टाकून बसायचं. तपासणीत झोपेचं औषध देतात, काही समजत नाही. तुकडा काढून तपासला, अल्सरेटिव्ह कोलायटिस, डाव्या बाजूपर्यंत चढलेलं.

आणि मग गोळी सुरू झाली, मेसालामाइन. ह्या गोळीची गोष्ट मला नंतर समजली आणि मला ती भारी वाटते. स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरबाई होत्या, आमच्याकडे नाना म्हणजे म्हातारा बाप्या, तिकडे बाईचं नाव. त्यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी सांध्यांच्या आजारासाठी सल्फासालाझिन हे औषध तयार करवलं, आणि दिसलं की कोलायटिसच्या पेशंटांना पण त्याने आराम पडतो. म्हणजे औषध काढलं गुडघ्यासाठी, लागू पडलं पोटाला. पुढे १९७७ साली ऑक्सफर्डला आझाद खान ह्या बांगलादेशच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या औषधाचे दोन तुकडे वेगवेगळे करून पेशंटांना दिले आणि दाखवलं की आतड्यात काम करणारा तुकडा कोणता. तोच मेसालामाइन. दुसरा तुकडा सल्फाचा, तो मुख्यतः पोचवायचं काम करतो, आणि त्रास बराचसा त्याचाच. म्हणून आता गोळीवर असं कोटिंग करतात की ती पोटात न विरघळता खाली आतड्यात जाऊन फुटते. आमच्या मातोश्री मला ती खलबत्त्यात कुटून मधातून देत होत्या, गिळायला मोठी पडते म्हणून. कुटली की कोटिंग गेलं, औषध वरच्या वरच संपलं. चिठ्ठीवर कोणी लिहून दिलं नव्हतं, मेडिकलवाल्या पोराने सांगितलं.

सोबत सपोझिटरी दिली होती, खालून ठेवायची मेणाची गोळी. आता हे पेपरात लिहायला कसंतरी वाटतं पण लिहितोच, कारण लाजेपायी लोकं ती आणतच नाहीत. आजार खाली असेल तर औषध खालूनच थेट पोचतं, तोंडाच्या गोळीपेक्षा तिथे ते जास्त काम करतं, मी तर म्हणेन फरक चार दिवसांत समजतो. अडचण एकच, आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, आणि ती सपोझिटरी कपाटात ठेवली तर तिचं तूप होतं. म्हणून फ्रिजमध्ये, स्टीलच्या डब्यात. एकदा धाकट्याने डबा उघडून पांढरं चॉकलेट समजून एक तोंडात टाकलं होतं, थुंकलं लगेच, घरात आठवडाभर हसू.

दोन-तीन महिन्यांत मी एकदम टकाटक. वजन आलं, रात्रीची झोप आली, अमळनेरच्या यात्रेत पोरांना घेऊन फिरलो, वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, सगळं सुरू. आणि मग मी तेच केलं जे माझं गिऱ्हाईक करतं.

साहेब, कापसावर गुलाबी बोंडअळी येते तेव्हा शेतकरी दुकानात येऊन पहिलं वाक्य काय म्हणतो, “भाऊ, काहीतरी कडक दे.” कडक देतो, अळी दिसेनाशी होते, तो पुढची फवारणी करत नाही, कामगंध सापळे, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे, काढून टाकतो कारण पीक हिरवंगार दिसतंय. मी त्याला गेली वीस वर्षं ओरडून सांगतोय की अरे बोंडाच्या आत बघ, वरून काय बघतो, सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की समज. आणि मीच, ज्याच्या काउंटरवर हे सगळं चालतं, २०१८ च्या पावसाळ्यात गोळ्या बंद केल्या. का, तर बरं वाटत होतं. महिन्याला हजार-बाराशे जात होते, कोणीतरी म्हणलं एवढ्या गोळ्यांनी किडनी जाते, पीक पण त्या साली बेताचं, उधारी अडकलेली. सुरतला विचारलं नाही. कशाला विचारायचं, पोट आपलं.

चार महिने काही नाही झालं. हेच वाईट, लगेच काही होत नाही. दिवाळीनंतर जे सुरू झालं ते अकरा दिवस अॅडमिट. हिमोग्लोबिन सातवर, रक्ताच्या दोन बाटल्या, शिरेतून स्टिरॉइड. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं की तीन दिवसांत उतार नाही पडला तर पुढचं औषध नाहीतर मोठं आतडं काढायचं ऑपरेशन. बायकोने ते मला सहा महिन्यांनी सांगितलं. १९५५ साली इंग्लंडात ट्रुलव्ह आणि विट्स ह्या दोन डॉक्टरांनी कोलायटिसच्या पेशंटांना कॉर्टिझोन हे स्टिरॉइड देऊन दाखवून दिलं की अशा जोराच्या झटक्यात त्याने माणसं वाचतात, त्याआधी कितीतरी जायचे. माझं तिसऱ्या दिवशी रक्त कमी झालं. म्हणून मी स्टिरॉइडला शिव्या देत नाही. पण ते आग विझवायचं औषध आहे, पुढे आग लागू नये म्हणून रोज घ्यायचं नाही, त्या कामाला ते उपयोगी पडतच नाही, वर शुगर, हाडं, डोळ्यात मोतीबिंदू, चेहरा चंद्रासारखा. लोकं म्हणायची भाऊ तब्येत काय झाली, गाल बघा. गाल औषधाचे होते.

ही गोष्ट मला कोणी पहिल्या वर्षी समजावली असती तर, की तुझ्या चिठ्ठीत दोन जातीची औषधं आहेत, एक विझवणारं आणि एक राखण करणारं, विझवणारं थोडे दिवस, राखण करणारं तू बरा असताना घ्यायचं, बरा आहेस तो त्याच्यामुळे आहेस. शेतकऱ्याला एका वाक्यात समजतं हे. चिठ्ठीवर फक्त १-०-१ लिहिलेलं असतं.

मग अॅझाथायोप्रिन. हे प्रतिकारशक्ती थोडी दाबणारं, किडनी बदललेल्या पेशंटांना पण देतात, कामाला लागायला दोन-तीन महिने घेतं त्यामुळे लोकं मधेच म्हणतात काही उपयोग नाही. मला तेवढा वेळच मिळाला नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके, आणि रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एकदम खाली. तपासलं नसतं तर साध्या तापात गेलो असतो. डॉक्टरांनी समजावलं की एक जीन असतो, एनयूडीटी१५, त्यात बदल असलेली माणसं आपल्या आशियात गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहेत आणि त्यांना हे औषध झेपत नाही. आता त्याची टेस्ट होते, गोळी सुरू करायच्या आधीच. ज्यांना हे औषध लिहून दिलंय त्यांनी निदान सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि लिव्हरची टेस्ट चुकवू नये. दीड-दोनशे रुपयांची सीबीसी आहे, कशाला वाचवायची.

त्यानंतर २०१९ पासून मी इन्फ्लिक्सिमॅबवर आहे. आपल्या शरीरात टीएनएफ नावाचं एक प्रथिन सूज पेटवत ठेवतं, हे इंजेक्शन ते धरून बसतं. अमेरिकेत १९९८ ला क्रॉन्ससाठी परवानगी मिळाली, कोलायटिससाठी २००५ ला. ह्याला बायोलॉजिकल म्हणतात कारण हे केमिकल जोडून बनत नाही, जिवंत पेशींकडून बनवून घेतात, आणि ह्यातला थोडा भाग उंदराच्या प्रथिनाचा आहे, म्हणून कधीकधी शरीर ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध उठतं. पहिलं, मग दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आठवड्याला, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. सलाईनमधून दोन तास. सकाळच्या गाडीने सुरत, संध्याकाळच्या गाडीने परत, शेजारच्या बेडवर सांधेदुखीवाले पण तेच औषध घेत असतात, आम्ही आता ओळखीचे झालोय.

सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी झाली, छातीचा एक्स-रे आणि हातावरची मॅन्टू. माझ्या हातावर चांगली रुपयाएवढी गाठ आली. म्हणजे टीबीचे जंतू कधीकाळी शिरलेले आणि निपचित पडलेले, आपल्या देशात असे भरपूर लोक आहेत, आजारी नसतात. पण टीएनएफच त्या जंतूंना कोंडून ठेवतं, ते दाबलं की कोंडवाड्याचं फाटक उघडलं. म्हणून आधी टीबी न व्हावा ह्याच्या गोळ्या, मग इंजेक्शन. कावीळ बी पण बघतात. हे सगळं न करता कोणी थेट इंजेक्शन टोचायला निघालं तर उठून बाहेर यावं.

किमतीचं म्हणाल तर अवघड आहे, खोटं कशाला बोलू, सोयाबीनचे एका एकराचे पैसे एका फेरीत जायचे सुरुवातीला. आता भारतीय कंपन्यांनी त्याचीच जोड बनवलेली औषधं आलीत, बायोसिमिलर म्हणतात, अडालिमुमॅब ह्या तशाच दुसऱ्या इंजेक्शनचं तर जगातलं पहिलं बायोसिमिलर आपल्याच देशात २०१४ च्या डिसेंबरात बाजारात आलं, ते पोटावर कातडीखाली घरीच टोचता येतं. टोफासिटिनिब नावाची गोळी पण आहे, सुई नाही काही नाही, म्हणून लोकांना ती आवडते, पण तिच्यात नागीण उठते, रक्ताच्या गाठींचा धोका असतो, वयस्कर, सिगारेटवाला, हार्टवाला असेल तर डॉक्टर विचार करून देतात. इथेही गिऱ्हाइकाची भाषा चालत नाही, कडक दे म्हणून. कोणाला काय हे ज्याच्या त्याच्या आजारावर.

आणि तो सापळा. पोटाला पण कामगंध सापळा निघालाय, फिकल कॅलप्रोटेक्टिन. संडासाचा नमुना द्यायचा, त्यात पांढऱ्या पेशींचं एक प्रथिन मोजतात, साधारण ५० च्या आत असलं तर आत शांत, २५० च्या वर गेलं तर तुम्हाला काही होत नसलं तरी आत पेटलंय असं समजायचं, मधलं असेल तर परत करायचं. २०१८ ला गोळ्या सोडल्यावरच्या त्या चार चांगल्या महिन्यांत मी हे एकदा केलं असतं तर अकरा दिवस वाचले असते, असं मला राहून राहून वाटतं. आता दर सहा महिन्यांनी करतो. डबी रुमालात गुंडाळून, कॅरीबॅगेत, लॅबच्या काउंटरवर ठेवताना शेजारी ओळखीचं कोणी नको एवढंच.

खाण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. आजार भडकलेला असताना मी मऊ भात, खिचडी, केळी, ताक ह्यावर राहतो, कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा त्या दिवसात नाही. शांत असताना सगळं खातो, कानबाईच्या रोटांना पण बसतो. ज्याला जे सोसत नाही ते त्याने सोडावं, पण यादी छापून सगळ्यांना एकच पथ्य देणारा भेटला तर मला संशय येतो, पेशंट आधीच वाळलेला त्याला आणखी उपाशी ठेवतात. दूध ज्याला पचत नाही त्यालाच बंद. मात्र अंगदुखीच्या गोळ्या, मेडिकलमधून दहा रुपयाला दोन मिळतात त्या, त्यांनी भडका उडू शकतो, ते लक्षात ठेवावं. क्रॉन्सवाल्याने बिडी-सिगारेट सोडावीच.

आयुर्वेदाचा मी दुश्मन नाही, माझे आजोबा कुडाच्या सालीचा काढा देत. हळदीतल्या कर्क्युमिनचे नीट अभ्यास झालेत, त्यातल्या काहींत मेसालामाइनसोबत दिल्यावर फायदा दिसला. सोबत. गोळी बंद करून नव्हे. पाम्प्लेटवाल्याशी माझं भांडण तेवढ्याच एका ओळीचं आहे, पहिल्या दिवसापासून बंद.

आणखी एक लिहायचं होतं, लिहू की नको असं चाललेलं. आमच्या नात्यातल्या एका पोरीला हा आजार आहे, तिचं जमवायचं चाललंय, घरच्यांनी ठरवलं की सांगायचं नाही, आणि सासरी गोळ्या दिसायला नको म्हणून लग्नाआधी दोन महिने गोळ्याच बंद. मी भांडलो. आजार शांत असेल तर मूलबाळ व्हायला सहसा अडचण येत नाही, मेसालामाइन गरोदरपणात पण चालू ठेवतात, काही औषधं मात्र चालत नाहीत, मेथोट्रेक्सेट तर बिलकुल नाही, म्हणून आधी डॉक्टरशी बोलून ठरवायचं असतं. भडकलेल्या आजारात गरोदर राहणं जास्त धोक्याचं. तिच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलंय सध्या. पोरगी मात्र चोरून गोळ्या घेतेय, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पार्सल येतं, खताच्या पोत्यांमागे ठेवतो.

तर साहेब, मागणं दोन. एक, आठवड्यातून एक कॉलम द्या, भविष्याच्या शेजारी जागा असते बघा, त्यात जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या डॉक्टरांना लिहायला सांगा, भारी भारी शब्दांत नको, चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेल्या गोळीचं काम काय, किती दिवस, मधेच सोडली तर काय होतं आणि कोणती तपासणी कधी, एवढंच. दोन, तुमच्या एजंट लोकांना सांगा की ‘गोळ्या बंद करा’ लिहिलेलं पाम्प्लेट आलं तर पेपरात घालू नका. पाचशे पाम्प्लेटांमागे त्यांना काय मिळतं मला माहीत आहे, तेवढे मी देतो वाटलं तर. आबांचा पोरगा आता बरा आहे, डोस परत पहिल्यापासून उतरवताहेत, पुड्यांचे चार हजार काही परत आले नाहीत, लॉजवाला म्हणतो रूम दुसऱ्याच नावावर होती.

पत्र लांबलं, कापून छापलं तरी चालेल, फक्त स्टिरॉइड एकदम बंद करू नका हा भाग कापू नका.

आणि माझ्या गिऱ्हाइकांसाठी, ते तुमचाच पेपर वाचतात म्हणून इथेच. येत्या सोमवारी माझी कोलोनोस्कोपी आहे, आजाराला आठ वर्षं उलटली की कॅन्सरवर नजर ठेवायला अधूनमधून करावी लागते. रविवारी दुपारपासून मी खारट पाणी पीत बसणार, फोन उचलणार नाही. दुकान मंगळवारी सकाळी उघडेल, युरियाची गाडी पण तेव्हाच येतेय.

आपला,
एक कृषी केंद्रवाला वाचक
ता. अमळनेर, जि. जळगाव